सालेकसाला उतरलेली नवरी

"अहो, त्यातली एक चादर काढा ना. दात वाजून राहिले माझे," मी म्हटलं.

हेमराजनी बाकाखालच्या दोन्ही बॅगांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "विकायच्या आहेत त्या. घडी मोडली तर भाऊजी ओरडतील."

"एकच काढा. गोंदिया यायच्या आत होती तशी घडी करून ठेवते मी."

"नोको म्हटलं ना, नंदा."

आणि मग उभं राहून त्यांनी अंगातला स्वेटर डोक्यावरून काढला नि माझ्या मांडीवर ठेवला. आत नुसता पातळ सदरा. पौषातली सकाळ, पॅसेंजरच्या खिडक्यांना धड काचा नाहीत, आणि हा माणूस दोन्ही हात काखेत दाबून बसला. दोन बॅगा भरून चादरी सोबत असताना आम्ही दोघं कुडकुडत होतो. मला राग आला होता आणि स्वेटर मात्र फार ऊबदार होता.

आमच्या पिढीत बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत. पण ही गोष्ट 'हे' नि 'ते' करून सांगता यायची नाही, म्हणून घेते. हेमराज कापगते. माझं नाव बेबीनंदा. माहेरी सगळे बेबी म्हणायचे. नंदा म्हणणारे हेच पहिले.

लग्नाला महिनाही झाला नव्हता. माझं माहेर पवनीकडचं, सासर तुमसरचं. सासर म्हणजे तरी काय, हेमराजना आईवडील नव्हते. मोठ्या बहिणीनं, अक्कानं, वाढवलेलं. अक्काचे यजमान पुंडलिक भाऊजी, त्यांचं चादरी-ब्लँकेटांचं दुकान. हेमराज तिथंच काम करायचे आणि भाऊजी सांगतील तसं वागायचे. घरात माझ्याशी कोणी वाईट वागत नव्हतं, पण हेमराज बोलतच नव्हते. जेवण झालं की दुकान, रात्री पाठ फिरवून झोप. आपण आवडलो नाही, एवढंच मला कळत होतं.

आणि एक दिवस भाऊजी म्हणाले, "अरे, नवीन लगीन झालं, घरात काय बसता? जगन्नाथपुरीला जाऊन या दोघं. येताना तिकडच्या संबलपुरी चादरी घेऊन या दुकानासाठी. देवदर्शनही होईल नि माझं कामही."

मी समुद्र कधी पाहिला नव्हता. पुरीला पहिल्या दिवशी मी पाण्याजवळ गेले, लाट पायाखालची वाळू ओढून न्यायला लागली तशी ओरडले आणि शेजारी होता तो हात घट्ट धरला. तो हेमराजचा होता. मग हसू आवरेना. हेमराजनी हात सोडवला नाही. संध्याकाळपर्यंत आम्ही तिथंच बसलो. त्यांनी मला विचारलं, तुला काय खायला आवडतं. नवऱ्यानं मला विचारलेली ती पहिली गोष्ट. मी म्हटलं, उकडलेले शिंगाडे. ते उठून अख्ख्या बाजारात शिंगाडे शोधत फिरले. मिळाले नाहीत, तर तोंड असं पाडून परत आले जसा काही गुन्हा झाला.

परतताना ओरिसातल्या एका जंक्शनवर भाऊजींच्या ओळखीच्या माणसानं त्या दोन बॅगा आणून दिल्या. डांबरगोळ्यांचा वास इतका की डोकं दुखावं. तिथून पुढे हेमराज पुन्हा गप्प झाले. एक्सप्रेस सोडून आम्ही पॅसेंजर बदलत बदलत येत होतो. मी विचारलं तर म्हणाले, "पॅसेंजरात खिडकी मिळते."

तेव्हा छत्तीसगड वेगळं झालं नव्हतं. डोंगरगडपर्यंत मध्य प्रदेश, मग बोगदा, आणि बोगदा संपला की आपला मुलूख. डोंगरगडला गाडी थांबली. डोंगरावरच्या बमलेश्वरीला मी खिडकीतूनच हात जोडले. आमच्या डब्यात एक म्हातारी चढली. कडेवर टोपलं, टोपल्यात पाय बांधलेला कोंबडा, वरून फडकं. ती सरळ माझ्या शेजारी बसली.

"सरक व पोरी. नवीन लगीन हाये का?"

मी मान डोलावली.

"हळद अजून हाये हाताले, म्हणून इचारलं. मी सगुणा. सालेकसाची. लेकीकडे आल्ती. जावयानं कोंबडा देल्ला. देल्ला काय, मीच मांगला." ती आपल्याच बोलण्यावर हसली. "हा तुह्या नवरा का? लयच चूप हाये."

"थंडी वाजते त्यांना," मी म्हटलं.

हेमराज चहा आणायला खाली उतरले होते, खिडकीपाशीच उभे होते. चहावाला भांडी आदळत दुसऱ्या कुणाशी बोलत होता, "आज गाडी लेट व्हईन. गोंदियात पोलीस डबा-डबा तपासून राहिले म्हणते. बायांच्याही पेट्या उघडून राहिले."

हेमराजच्या हातातला चहा हिंदकळला नि बोटांवर सांडला. त्यांनी बोटं झटकलीही नाहीत. भुरा मफलर गुंडाळलेला एक माणूस पुढच्या डब्यातून उतरून त्यांच्याजवळ आला आणि त्यानं काडेपेटी मागितली. तो मला रायपूरलाही दिसला होता, आणि त्याच्या आधी एकदा. हेमराजनी मान हलवली, तसा तो काही न बोलता परत आपल्या डब्यात चढला.

गाडी सुटली. मी चहा फुंकत होते. हेमराज समोर बसून माझ्याकडे बघत होते. लग्नापासून त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं नव्हतं. मी पदर सारखा केला. सगुणाबाईनं मला कोपरानं ढोसलं.

"नंदा, समुद्र आवडला ना तुला?" त्यांनी मधेच विचारलं.

"हो. तुम्हाले?"

"मलेही."

बोगद्यात गाडी शिरली तेव्हा डब्यात दिवे नव्हते. काळोखात कोंबडा फडफडला, सगुणाबाई त्याला शिव्या घालत होती. आणि माझ्या हातावर हेमराजचा हात येऊन टेकला. गार पडलेला. उजेड आला तसा त्यांनी काढून घेतला.

दरेकसा गेलं. हेमराज उठले, त्यांनी वरच्या फळीवरची माझी कापडी पिशवी काढली. त्यात माझी लुगडी आणि आईनं दिलेला फणीकरंडा. पिशवी माझ्या हातात दिली.

"सालेकसाला उतरायचं आहे आपल्याला. भाऊजींच्या ओळखीचे एक जण आहेत इथं. तू आज्जीचं टोपलं धरून पुढं हो. मी सामान घेऊन मागून येतो."

"आधी नाही सांगितलं तुम्ही."

"आता सांगतो ना. चल, गाडी थांबत नाही इथं जास्त."

घाईत मी चपलाही घातल्या नाहीत; बाकाखाली बॅगांच्या मागे गेल्या होत्या. हेमराज म्हणाले, मी आणतो. मी कोंबड्याचं टोपलं घेऊन खाली उतरले, मग सगुणाबाईला हात दिला. वळून पाहिलं तर हेमराज दारात उभे. हात रिकामे.

"सामान?" मी म्हटलं.

गाडीनं शिट्टी दिली.

"अहो, उतरा ना!"

गाडी हलली. मी दाराबरोबर चालायला लागले, मग पळायला. ते वाकून म्हणाले, "नंदा, माहेरी जाजो. तुमसरला जाऊ नोको. ऐकलं? माहेरी जाजो."

"अहो!"

"कोणी इचारलं तर तू या गाडीत नव्हती."

फलाट संपला. मी अनवाणी, अंगात पुरुषाचा स्वेटर, खडीवर उभी. दारातला तो पांढरा सदरा गाडीबरोबर लहान लहान होत गेला.

मी दिवसभर सालेकसाच्या फलाटावर बसले. मला वाटत होतं, काहीतरी घोटाळा झाला, पुढच्या स्टेशनावर उतरून ते परत येतील. गोंदियाहून येणारी प्रत्येक गाडी मी उभी राहून पाहिली. लोक उतरत होते, पोती उतरत होती. दिवस कलायला लागला तशी सगुणाबाई परत आली. स्टेशनातून कुणीतरी तिला सांगितलं होतं की तुमच्यासोबतची पोरगी अजून बसूनच आहे. तिनं सोबत चपला आणल्या होत्या, मला दोन बोटं मोठ्या.

"घाल. नि चल."

"ते येतील."

"आले त मास्तर सांगन त्याईले. चल."

घरी तिनं मला भात वाढला आणि मी एक घासही न खाता विचारलं, "आज्जी, त्यांनी मला टाकलं ना?"

सगुणाबाईनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली, "मले नाही माहीत. पण मी त्याचं तोंड पाह्यलं व माय. मी गाडीच्या दाराशीच उभी होती. टाकून जाणाऱ्याचं तोंड नोहोतं ते."

दुसऱ्या दिवशी तिच्या मुलानं मला पवनीला पोचवलं. बाबा तुमसरला जाऊन आले. भाऊजींनी त्यांना दारातच सांगितलं, पोरगा बायकोला घेऊन कुठं गेला आम्हाला ठाऊक नाही. अक्का आतून रडत होती म्हणे, पण बाहेर आली नाही. आणि त्याच आठवड्यात बाबांना कळलं ते गावच्या पोलीस पाटलाकडून. गोंदिया स्टेशनावर हेमराज कापगते नावाच्या माणसाला गांजासकट पकडलं. चादरीच्या घड्यांत पाकिटं दाबून बसवलेली. इसम एकटाच प्रवास करीत होता.

बाबांनी मला समोर बसवलं. बाबा चांगले माणूस होते. आयुष्यभर कोणाचं वाईट केलं नाही. "बेबी, देवानं वाचवलं तुले," ते म्हणाले. "तुह्यं नाव कुठंच नाही. अशा घरात पोरगी देल्ली, ते माह्या डोक्यावर. आता सोडचिठ्ठी करून टाकू. वय काय तुह्यं? दुसरं घर पाहू."

आई माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. एकीकडे सुटल्यासारखं वाटत होतं. दुसरीकडे, ज्या माणसानं मला खडीवर उभं केलं त्याला एकदा तोंडावर विचारल्याशिवाय मला झोप येणार नव्हती.

"मी त्यांना भेटते," मी म्हटलं. "सोडचिठ्ठीचं मीच सांगते."

बाबांना ते पटलं. आम्ही दोघं भंडाऱ्याला गेलो. बाबा जेलच्या बाहेर लिंबाखाली थांबले. "मी आत येत नाही," म्हणाले. "माह्यानं त्याचं तोंड पाहवणार नाही."

आत एक लांब खोली, मधोमध जाळी. अलीकडे बाया, म्हाताऱ्या आया, रडणारी पोरं. पलीकडे कैदी. सगळे एकदम बोलत होते, त्यामुळे ओरडल्याशिवाय ऐकू जाईना. हेमराज आले. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. मला पाहिलं आणि जागीच थांबले.

"तू कशाला आली?" ते म्हणाले. "इथं नाव लिहून घेतलं का तुझं?"

"बायको म्हणून लिहून घेतलं. बायको आहे म्हणून. मला का उतरवलं?"

ते खाली बघत राहिले.

"बोला ना! दिवसभर बसले मी तिथं. अनवाणी."

"तुझ्या चपला राहिल्या," ते म्हणाले. "साहेबानं बाकाखालून काढल्या. विचारलं, ह्या कोणाच्या? मी म्हटलं माझ्या."

"तुमच्या? त्या लाल पट्ट्याच्या?"

"हो. साहेब म्हणाला, घालून दाखव."

मला हसू फुटलं. रडू यायच्या वेळी हसू आलं आणि मग दोन्ही एकदमच आलं. शेजारची बाई वळून बघायला लागली. हेमराज जाळीला दोन्ही हातांनी धरून उभे होते.

मग त्यांनी सांगितलं. अडखळत, तुटक, मधे पलीकडचा माणूस ओरडला की थांबत. आधी एकदा ते एकटेच जाऊन आले होते, भाऊजींनी पाठवलं म्हणून. पण एकट्या तरुण पोराला पोलीस हटकतात. मग भाऊजींच्या डोक्यात आलं, सोबत नवी नवरी पाहिजे. हातावर हळद, अंगावर हिरवा चुडा, पुरीचा प्रसाद. अशा जोडप्याची बॅग कोण उघडतो?

"त्यासाठी लग्न?" मी विचारलं.

"हो."

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

खोलीतला सगळा गोंगाट मला एकदम दूर गेल्यासारखा वाटला. ते पुढे बोलत होते. "म्हणून मी तुझ्याशी बोलत नव्हतो. बोललो असतो तर जमलं नसतं. पुरीला तू हात धरला... मग मला जमेनाच. मी शिंगाडे शोधायला गेलो ना, तेव्हा पळून जायचं मनात होतं. तुला तिथं सोडून कसा जाऊ? गोंदियात तपासणी आहे कळलं तेव्हा वाटलं, हिच्या हातालाही बेडी पडेल. हिला तर चादरीची घडीही मोडू दिली नाही मी."

"मग तुम्ही का नाही उतरले माझ्यासोबत?"

"मफलरवाला होता ना पुढच्या डब्यात. भाऊजींचा माणूस. बॅगा सोडून आपण दोघं उतरलो असतो तर त्यानं आपल्याला सोडलं नसतं. मी दारात दिसलो, तो गप बसला. बाई कुठं गेली हे त्याला गोंदियापर्यंत कळलंच नाही."

शिपाई फेऱ्या मारत होता. हेमराज घाईनं म्हणाले, "तू सोडचिठ्ठी घे. मी अंगठा देतो, सही देतो, काय पाहिजे ते देतो. तुला पाहायलाही मी आलो नव्हतो, नंदा. भाऊजी नि अक्का येऊन ठरवून गेले. मला कोणी विचारलं नाही, मीही विचारलं नाही. हे कसलं लगीन."

सोडचिठ्ठीचं वाक्य मी एसटीत पाठ करून आले होते. ते तोंडात होतं. पण मी म्हटलं, "मग आता पाहा."

"काय?"

"मुलगी. पाहायला आले नव्हते ना? पाहा."

त्यांनी वर पाहिलं. जाळीच्या चौकटीचौकटींतून पाहिलं. मी पदर डोक्यावर घेतला नाही, मान खाली घातली नाही. किती वेळ पाहिलं कोण जाणे.

"पाहिलं?"

"हो."

"आता माझी पाळी. मुलाचं नाव काय?"

त्यांना कळायला जरा वेळ लागला. मग ते सरळ उभे राहिले, सदऱ्याची कॉलर नीट केली. "हेमराज. हेमराज तुळशीराम कापगते."

"शिक्षण?"

"नववी."

"कामधंदा?"

"सध्या..." त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "इथं वांग्याचे वाफे आहेत. पाणी देतो."

"घरी कोण कोण?"

"कोणी नाही."

"काही वाईट सवय?"

शिपायानं दंडा जाळीवर वाजवला, चला, झाली वेळ. बाया उठायला लागल्या.

"एक होती," हेमराज म्हणाले. "कोणी काही सांगितलं की नाही म्हणता येत नव्हतं. कधीच नाही."

"होती?"

"एकदा म्हटलं. सालेकसाला."

शिपायानं त्यांच्या खांद्याला हात लावला. मी म्हटलं, "ठीक आहे. घरी विचार करून कळवतो," आणि मुलाकडच्या माणसांसारखं गंभीर तोंड करून वळले.

पुढचं सगळं अवघडच होतं. सजा झाली, आणि ती लहान नव्हती. तेवढी वर्षं मी सालेकसाला सगुणाबाईच्या घरी राहिले. धानाची रोवणी केली, अंगणवाडीत शिजवायला लागले, महिन्याला एकदा भेटीला जायचे. हेमराज सुटले तेव्हा सगुणाबाई होती. त्यांना जेवू घालूनच ती गेली. आता गोंदियात आमचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, मुलगी नर्सिंगला आहे. भाऊजींचं नाव हेमराजनी कोर्टात घेतलं नाही, अक्कासाठी. मला ते पटलं नव्हतं, आजही पटत नाही. त्यावरून आमची अजून भांडणं होतात. भाऊजी पुढं दुसऱ्याच कुणाच्या जबानीत सापडले.

पण त्या दुपारी यातलं काहीच मला ठाऊक नव्हतं. जेलचं लहान दार वाकून ओलांडलं आणि बाहेर आले. ऊन डोळ्यांवर आलं. बाबा लिंबाखालून लगबगीनं पुढं आले, माझं तोंड न्याहाळत.

"काय म्हणाला? सांगितलं ना त्याले?"

"बाबा," मी म्हटलं, "मुलगा पसंत आहे मले."

बाबांना काही उमजेना. त्यांनी टोपी काढली, कपाळ पुसलं, टोपी परत घातली.

"कोणता मुलगा?"

मी जेलच्या दाराकडे बोट दाखवलं.